बटू दीर्घिकांचा कैवारी

१९७१ साली स्वित्झर्लंडमध्ये दीर्घिकांची एक सूची छापली गेली. आकाशातील स्थान, तेजस्विता, वर्णपटातील खुणा असे कोरडे तपशील रकान्यांत मांडलेले; अभ्यासकाशिवाय कोणी उघडून पाहू नये असा हा ग्रंथ. परंतु त्याची प्रस्तावना ज्यांनी वाचली, ते ती कधी विसरले नाहीत. त्र्याहत्तर वर्षांच्या लेखकाने तीत आपल्या हयात आणि दिवंगत सहकाऱ्यांवर असे काही तोंडसुख घेतले होते की, विज्ञानाच्या इतिहासात त्याला तोड सापडणे कठीण. मोठ्या दुर्बिणींची मक्तेदारी, निरीक्षणांतील फेरफार, चेलेचपाट्यांची हांजी हांजी, कल्पनांची चोरी... आरोपांची यादी लांबलचक होती. कोणी प्रकाशक मध्ये नव्हता. ग्रंथ लेखकाने स्वतःच प्रकाशित केला होता.

हे लेखक म्हणजे फ्रिट्झ झ्विकी. न्यूट्रॉन तारे, कृष्णद्रव्य, गुरुत्वीय भिंग या आज शाळकरी मुलांनाही ऐकून ठाऊक असलेल्या कल्पनांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. या कल्पनांच्या झगमगाटात त्यांच्या एका जुन्या वादाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्या प्रस्तावनेतल्या कडवटपणाचे एक मूळ या वादात होते. वाद होता आकाशातील सर्वांत लहान, सर्वांत फिकट दीर्घिकांच्या शिरगणतीचा. त्या किती आहेत? मोजक्या, अपवादादाखल, की मोठ्या दीर्घिकांच्या कितीतरी पट?

झ्विकी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ रोजी बल्गेरियातील वार्ना या काळ्या समुद्रावरील बंदरात झाला. वडील फ्रिडोलिन हे स्विस व्यापारी, आई फ्रान्झिस्का मूळची चेक. मुलाने व्यापारउदीम शिकावा म्हणून वयाच्या सहाव्या वर्षी त्याला आजी-आजोबांकडे, ग्लारुस या डोंगराळ स्विस परगण्यात धाडण्यात आले. व्यापार बाजूला राहिला. मुलाला गणित आणि पदार्थविज्ञानाची गोडी लागली, आणि पुढे झुरिकच्या विख्यात तंत्रशिक्षण संस्थेत त्यांनी स्फटिकांच्या सिद्धान्तावर प्रबंध लिहून १९२२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. ग्लारुसने त्यांना आणखी एक व्यसन लावले, ते गिर्यारोहणाचे. पहाडी माणसाचा काटकपणा आणि पहाडी माणसाचा हट्ट, दोन्ही त्यांच्यात अखेरपर्यंत टिकून होते. आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे अमेरिकेत काढूनही त्यांनी स्विस नागरिकत्व कधी सोडले नाही.

१९२५ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते पॅसाडेनाच्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे कॅलटेकमध्ये दाखल झाले. तेथे रॉबर्ट मिलिकन यांची सत्ता चालत होती. झ्विकी आले होते स्फटिकांवर काम करायला. पण पॅसाडेनाच्या डोक्यावर माउंट विल्सन होता आणि त्या डोंगरावर त्या काळची जगातील सर्वांत मोठी, शंभर इंची दुर्बीण होती. तिच्यावर बसून एडविन हबल नावाचे खगोलशास्त्रज्ञ विश्वाचा नकाशाच पालटून टाकीत होते. आकाशातील ढगांसारखे दिसणारे कित्येक तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच स्वतंत्र तारकाविश्वे, हे हबल यांनी नुकतेच सिद्ध केले होते. स्फटिकांत मन रमणे अवघडच होते.

खगोलशास्त्राचे रीतसर शिक्षण झ्विकींना नव्हते. हा त्यांचा तोटा होता आणि फायदाही. ज्या गोष्टी खगोलशास्त्रज्ञ विचारात घेत नसत, त्या ते बिनदिक्कत विचारात घेत. १९३२ मध्ये न्यूट्रॉन या कणाचा शोध लागला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस झ्विकी आणि जर्मनीहून आलेले वॉल्टर बाडे यांनी मांडले की, काही प्रचंड तारे अखेरच्या स्फोटात क्षणभर सबंध दीर्घिकेइतके तेजाळतात आणि मागे न्यूट्रॉनांचा एक अतिघन गोळा उरतो. या स्फोटांना त्यांनी सुपरनोव्हा हे नाव दिले. असा न्यूट्रॉन तारा प्रत्यक्ष सापडायला १९६७ साल उजाडले. कल्पनेला पुराव्याची तीन दशके वाट पाहावी लागणे, हा झ्विकींच्या आयुष्यातला पुन्हा पुन्हा येणारा योग होता.

सुपरनोव्हा क्वचित घडतात. एका दीर्घिकेकडे टक लावून बसलो तर पिढ्या जातील. मग एका वेळी शेकडो दीर्घिकांवर नजर ठेवायला हवी, म्हणजे आकाशाचा मोठा तुकडा एका छायाचित्रात मावेल अशी दुर्बीण हवी. शंभर इंची दुर्बीण यासाठी निरुपयोगी होती. तिचे दृष्टिक्षेत्र सुईच्या नेढ्याएवढे. हॅम्बुर्गमधील बर्नहार्ड श्मिट या भिंगकाराने १९३० च्या सुमारास असा कॅमेरा घडवला होता. झ्विकींनी हट्ट धरला, आणि पालोमार पर्वतावर १९३६ साली अठरा इंची श्मिट दुर्बीण उभी राहिली. पालोमारवरची ही पहिली दुर्बीण. दोनशे इंची अजस्र दुर्बीण यायला अजून बारा वर्षे होती. तिच्यापुढे खेळणे वाटावे अशा या लहानशा दुर्बिणीवर झ्विकी रात्रीमागून रात्री काचा उघड्या करीत राहिले. आयुष्यभरात त्यांनी सुमारे १२० सुपरनोव्हा शोधले. एकट्या माणसाच्या नावावरचा हा विक्रम पुढे बराच काळ अबाधित होता.

या रात्रींविषयी अनेक आख्यायिका आहेत. वातावरणातील चलबिचलीमुळे ताऱ्यांची प्रतिमा थरथरते म्हणून झ्विकींनी साहाय्यकाला घुमटाच्या फटीतून बंदूक झाडायला लावली, गोळीच्या वाटेवरची हवा शांत होते का ते पाहण्यासाठी, अशी एक हकिकत सांगतात. कॅलटेकच्या भोजनगृहात ते एका हातावर जोर काढून दाखवीत, ही दुसरी. शिव्या देण्यातही ते भूमितीला सोडत नसत. ज्यांचा त्यांना राग येई त्यांना ते गोलाकार हलकट म्हणत, कारण कुठल्याही बाजूने पाहिले तरी ते तसेच दिसतात! या किश्श्यांनी झ्विकींची करमणूकप्रधान प्रतिमा तयार झाली आणि ती त्यांच्या कामाच्या आड आली, असे मला वाटते.

१९३३ मध्ये त्यांचे लक्ष अरुंधती केश तारकासमूहातील दीर्घिकांच्या एका दाट पुंजक्याकडे गेले. आपल्यापासून सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवरील या पुंजक्यात हजाराहून अधिक दीर्घिका आहेत. त्यांतल्या काही दीर्घिकांचे वेग तोवर मोजून झाले होते आणि त्या वेगांत फार तफावत होती. जत्रेतल्या पाळण्याला गती जितकी अधिक तितकी साखळी मजबूत हवी. तसेच दीर्घिका जितक्या वेगाने धावतात तितके त्यांना एकत्र बांधून ठेवणारे गुरुत्वाकर्षण, म्हणजेच वस्तुमान, अधिक हवे. दिसणाऱ्या प्रकाशावरून वस्तुमान धरले, तर दीर्घिकांचे वेग सेकंदाला ८० किलोमीटरच्या आसपास असायला हवे होते. प्रत्यक्षात ते हजार किलोमीटरच्या घरात होते. हिशेब जुळवायचा तर पुंजक्याची घनता दिसते त्याच्या किमान चारशे पट मानावी लागत होती. न दिसणाऱ्या या ऐवजाला त्यांनी जर्मन भाषेत जे नाव दिले, त्याचा अर्थ कृष्णद्रव्य.

हा आकडा आज जसाच्या तसा टिकत नाही. त्या वेळी दीर्घिकांची अंतरे सात-आठ पटींनी कमी धरली जात होती, त्यामुळे तफावत फुगली. शिवाय पुंजक्यांत तप्त वायूचा मोठा साठा असतो हे १९७० नंतर क्ष-किरणांच्या निरीक्षणांतून कळले. एवढे वजा करूनही मोठी तूट उरतेच. १९३६ मध्ये सिंक्लेअर स्मिथ यांनी कन्या राशीतल्या पुंजक्याबाबत तशीच तूट दाखवली होती. तरीही जवळजवळ चाळीस वर्षे बहुतेकांनी ती एक अडचणीची नोंद म्हणून बाजूला ठेवली.

आता बटू दीर्घिकांकडे येऊ.

हबल यांनी १९३० च्या दशकात दीर्घिकांच्या तेजाचा हिशेब मांडला होता. किती तेजस्वी दीर्घिका किती संख्येने आढळतात याचा आलेख काढला तर तो घंटेच्या आकाराचा येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. एका ठरावीक तेजाच्या दीर्घिका सर्वांत अधिक. त्याहून फार तेजस्वी थोड्या आणि फार फिकट त्याही थोड्याच. माणसांच्या उंचीचा आलेख काढावा तसे हे चित्र. मॅजेलनच्या मेघांसारख्या लहान दीर्घिका आपल्या शेजारीच आहेत हे त्यांना अर्थातच ठाऊक होते. पण एकंदर विश्वात त्यांना फारसे स्थान नव्हते. हबल यांच्या नावाचा दबदबा असा की, हा आलेख पुढील हिशेबांचा पायाच झाला.

झ्विकींना तो मान्य नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, दीर्घिका जितक्या फिकट तितक्या संख्येने अधिक. आलेख शिखर गाठून खाली उतरतच नाही, वरवर चढत जातो. हबल यांचे जाळेच असे विणलेले आहे की लहान मासे त्यातून निसटतात, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा.

हा मुद्दा नीट समजून घेण्याजोगा आहे. अंधाऱ्या रात्री आपण समुद्रकिनाऱ्यावर उभे आहोत अशी कल्पना करा. क्षितिजापर्यंतच्या मोठ्या जहाजांचे दिवे दिसतात. कोळ्यांच्या होड्यांवरचे कंदील मात्र किनाऱ्याजवळचेच तेवढे दिसतात. दिसलेले दिवे मोजून कोणी म्हणाला की समुद्रात जहाजे फार आणि होड्या थोड्या, तर तो डोळ्यांना दिसले तेच सांगतो आहे. समुद्राविषयी मात्र चुकीचे सांगतो आहे. आकाशभरातून तेजाच्या क्रमाने निवडलेल्या दीर्घिकांच्या यादीत हाच दोष असतो. उपाय एकच. सगळे दिवे एकाच अंतरावर असतील असा ताफा शोधायचा. दीर्घिकांचा पुंजका म्हणजे असा ताफा. त्यातील साऱ्या दीर्घिका आपल्यापासून जवळजवळ सारख्याच दूर. म्हणून तेथे जी फिकट दिसते ती खरोखरच फिकट. कन्या आणि अरुंधती केश या पुंजक्यांना खगोलशास्त्रात एवढे महत्त्व आले त्याचे एक कारण हे.

दुसरी अडचण आणखी नाजूक. बटू दीर्घिकेचा प्रकाश मुळात थोडा आणि तोही पसरलेला. रात्रीचे आकाश अगदी काळेभोर नसते, त्याला स्वतःची एक मंद उजळी असते. बटू दीर्घिका या उजळीत विरघळून जातात. मोठ्या आरशाच्या दुर्बिणीने त्या आपोआप दिसू लागतात असे नाही. तेथे अठरा इंची श्मिटसारखा, कमी केंद्रांतराचा, पसरट प्रकाश चटकन टिपणारा कॅमेरा सरस ठरतो. हबल आणि झ्विकी वेगवेगळी साधने घेऊन आकाश पाहत होते आणि प्रत्येकाला आपल्या साधनाजोगे आकाश दिसत होते.

१९३८ मध्ये हार्वर्डच्या हार्लो शॅप्ली यांनी दक्षिण आकाशाच्या काचांवरून स्कल्प्टर आणि फोर्नॅक्स या तारकासमूहांत दोन विलक्षण वस्तू जाहीर केल्या होत्या. ताऱ्यांचे विरळ, धूसर ठिपके. आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या बटू दीर्घिका. आणखी अशा कितीतरी असल्याच पाहिजेत या खात्रीने झ्विकी उत्तर आकाशात शोधू लागले. सिंह राशीत त्यांना एक फिकट, बेढब दीर्घिका सापडली. आज ती सिंह-अ या नावाने ओळखली जाते आणि सुमारे २६ लाख प्रकाशवर्षांवर, म्हणजे वैश्विक हिशेबाने अंगणातच आहे.

१९४२ साली त्यांनी आपला सिद्धान्त एका सविस्तर निबंधात मांडला. दीर्घिकांच्या संख्येसाठी त्यांनी सुचवलेले सूत्र सोपे होते. तेज मोजण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ प्रत हे माप वापरतात. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक. झ्विकींच्या सूत्रानुसार दर पाच प्रतींनी दीर्घिकांची संख्या दसपट होते. म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या एका दीर्घिकेमागे तिच्या शतांश तेजाच्या सुमारे दहा, आणि त्याहून शतांश तेजाच्या सुमारे शंभर.

गंमत अशी की, या निष्कर्षाप्रत ते ज्या वाटेने आले ती वाट बरीचशी चुकीची होती. विश्व प्रसरण पावते आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. दूरवरून येता येता प्रकाशच थकतो आणि म्हणून तांबडा होतो, अशी उपपत्ती त्यांनी १९२९ मध्ये मांडली होती आणि ती सहजासहजी सोडायला ते तयार नव्हते. विश्व अतिप्राचीन, स्थिर. त्यामुळे दीर्घिकांचे पुंजके एखाद्या बंद भांड्यातील वायूसारखे समतोलाला पोचलेले, असे गृहीत धरून त्यांनी वायूंच्या संख्याशास्त्राचे नियम दीर्घिकांना लावले. गृहीतक कोसळले, निष्कर्ष मात्र बव्हंशी उभा राहिला. अशा उत्तराला गणिताच्या पेपरात गुण द्यावेत की नाहीत, हे परीक्षकाने ठरवावे.

येथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. अरुंधती केशातले हरवलेले वस्तुमान या असंख्य बटू दीर्घिकांतच तर दडलेले नसेल? झ्विकींचेच सूत्र याचे उत्तर देते. संख्या दहापट, पण प्रत्येकीचे तेज शतांश. म्हणजे पाच प्रती खाली उतरल्यावर सर्व बटूंचा मिळून प्रकाश दशांशच भरतो. बटू संख्येने जग व्यापतात, पण तेजाच्या जमाखर्चात त्यांचा वाटा अल्प राहतो. तूट भागत नाही. त्यांच्यातल्या ताऱ्यांपुरते हे खरे. बटूंच्या पोटात आणखी काय आहे ही गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येऊ.

महायुद्धाने आकाशाची कामे मागे पडली. झ्विकी १९४३ पासून एरोजेट या रॉकेट बनवणाऱ्या कंपनीत संशोधन संचालक होते. लहान धावपट्टीवरून जड विमाने उडवण्यासाठी लागणाऱ्या रॉकेटांवर तेथे काम चाले. युद्ध संपताच ते जर्मनी आणि जपानमधील तंत्रज्ञानाची पाहणी करून आले. १९४९ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या कारकिर्दीत त्यांना या कामाबद्दल मेडल ऑफ फ्रीडम मिळाले. ऑक्टोबर १९५७ मध्ये, स्पुटनिकच्या उड्डाणानंतर बाराव्या दिवशी, त्यांनी न्यू मेक्सिकोतून सोडलेल्या रॉकेटच्या टोकावरून धातूच्या गोळ्या अवकाशात फेकण्याचा प्रयोग केला.

याच वर्षांत बाडे यांच्याशी असलेली मैत्री तुटली. बाडे जर्मन नागरिक. युद्धकाळात झ्विकी त्यांना नाझी म्हणू लागले. या आरोपाला आधार नव्हता. बाडे यांना पुढे झ्विकींची शारीरिक भीती वाटू लागली होती असे सांगतात. खगोलशास्त्रातील सर्वांत फलद्रूप जोड्यांपैकी एका जोडीचा हा शेवट वाईट होता आणि त्यातला मोठा दोष झ्विकींकडेच जातो.

परंतु हेच झ्विकी युद्धाने उद्ध्वस्त केलेल्या युरोप-आशियातील ग्रंथालयांसाठी वर्षानुवर्षे जुनी वैज्ञानिक नियतकालिके गोळा करीत होते. टनावारी पुस्तके त्यांनी खटपट करून जहाजांनी पाठवली. युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या पेस्टालोझी प्रतिष्ठानाच्या अमेरिकेतील शाखेचे ते दीर्घकाळ प्रमुख होते. त्यांचा पहिला विवाह १९४१ मध्ये संपुष्टात आला होता. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी अ‍ॅना मार्गारिटा झ्युर्शर यांच्याशी विवाह केला आणि त्यांना तीन मुली झाल्या. घरातले आणि दाराबाहेरचे झ्विकी ही दोन माणसे होती की काय, असा प्रश्न पडावा!

पालोमारवर अठ्ठेचाळीस इंची श्मिट दुर्बीण उभी राहिली तेव्हा झ्विकींच्या हाती मोठे घबाड लागले. १९५१ मध्ये अरुंधती केशातील दीर्घिकांच्या मधल्या जागेतही अंधूक प्रकाश पसरलेला असल्याचे त्यांनी नोंदवले. दीर्घिकांपासून तुटलेल्या ताऱ्यांचा हा प्रकाश आज अभ्यासाची एक स्वतंत्र शाखाच झाला आहे. १९६१ ते १९६८ या काळात त्यांनी सहकाऱ्यांसह दीर्घिका आणि त्यांच्या पुंजक्यांची सहा खंडांची सूची सिद्ध केली. तीत जवळजवळ तीस हजार दीर्घिका आणि नऊ हजारांहून अधिक पुंजके आहेत. संगणकाविना, डोळ्यांनी काचा निरखून केलेले हे काम आहे. पुढे दीर्घिकांच्या अंतरांचे पहिले मोठे सर्वेक्षण झाले, ते याच सूचीच्या खांद्यावर उभे राहून.

प्रत्येक वादात ते बरोबर होते असे मात्र नाही. जॉर्ज एबेल या तरुण खगोलशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये पुंजक्यांची स्वतःची सूची प्रसिद्ध केली आणि पुंजक्यांचेही पुंजके, म्हणजे महापुंजके, असतात असे सुचवले. झ्विकींनी हे कधीच मान्य केले नाही. महापुंजके आहेत. दुसऱ्यांच्या हट्टाने बटू दीर्घिका मागे पडल्या अशी तक्रार करणारा माणूस स्वतःच्या हट्टाने महापुंजके नाकारीत राहिला.

त्यांच्या विचारपद्धतीला ते रूपविचाराची पद्धत म्हणत. एखाद्या प्रश्नाच्या सर्व शक्यता चौकटी आखून मांडायच्या आणि कोणतीही चौकट पुराव्याशिवाय रिकामी समजायची नाही. पसरट आणि फिकट दीर्घिका असतील तर घट्ट आणि झळाळत्या बटू दीर्घिकाही असल्या पाहिजेत, असे म्हणून ते अशा दीर्घिका शोधू लागले. या शोधातल्या एकीला आज प्रथम-झ्विकी-१८ म्हणतात. ताऱ्यासारखी दिसणारी ही निळसर बटू दीर्घिका निघाली रसायनदृष्ट्या अत्यंत अविकसित. तिच्यात ऑक्सिजनसारखी जड मूलद्रव्ये सूर्याच्या तुलनेत नगण्य आहेत. विश्वातील पहिल्या दीर्घिका कशा असतील हे जाणण्यासाठी अभ्यासक अजूनही तिच्याकडे वळतात. अशाच घट्ट दीर्घिकांची ती १९७१ ची सूची, जिची प्रस्तावना आपण आरंभी पाहिली. सहलेखिका होत्या त्यांच्या पत्नी.

१९७२ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. मान मिळाला, पण उशिरा. ८ फेब्रुवारी १९७४ रोजी, शहात्तराव्या वाढदिवसाला सहा दिवस उरले असताना, पॅसाडेना येथे त्यांचे निधन झाले. ग्लारुसमधील मोलिस या गावी त्यांचे दफन झाले.

शिरगणतीचा निकाल लागायचा होता. १९७६ मध्ये पॉल शेक्टर यांनी एक सूत्र दिले, जे आजही वापरात आहे. तेजस्वी टोकाला दीर्घिकांची संख्या झपाट्याने कोसळते आणि फिकट टोकाला ती हळूहळू वाढत जाते, असे ते सांगते. १९८५ मध्ये ब्रूनो बिंगेली, अ‍ॅलन सँडेज आणि गुस्ताव टॅमन यांनी कन्या पुंजक्याची सूची पुरी केली. सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षांवरील या पुंजक्याच्या क्षेत्रातील २०९६ दीर्घिका त्यांनी चिलीतील दुर्बिणीच्या मोठ्या काचांवरून एकेक करून निवडल्या, आणि त्यांत बटूंचा भरणा प्रचंड होता. योगायोग पाहा. सँडेज हे हबल यांचे शिष्य आणि वारस. बिंगेली आणि टॅमन हे झ्विकींच्याच स्वित्झर्लंडमधले.

या तिघांनी १९८८ मध्ये वादाचा जो उलगडा केला तो मला फार समाधानकारक वाटतो. दीर्घिका प्रकारांनुसार वेगळ्या करा, असे ते म्हणाले. मोठ्या सर्पिल आणि लंबगोल दीर्घिकांचा तेवढा आलेख काढला तर तो खरोखरच घंटेच्या आकाराचा येतो. हबल यांनी याच पाहिल्या होत्या. त्यांच्यात बटू मिसळल्या की एकूण आलेख वर चढू लागतो. झ्विकी याविषयी बोलत होते. चढ मात्र झ्विकींच्या सूत्राहून सौम्य आहे. पाच प्रतींमागे संख्या दसपट नव्हे, तर कन्या पुंजक्यात साधारण तिप्पट ते पाचपट होते. दोघेही आपापल्या वस्तीपुरते बरोबर होते. हबल १९५३ मध्येच गेले होते. दोघांपैकी कोणीही हा निकाल ऐकायला नव्हता.

दडपून ठेवल्याचा झ्विकींचा आरोप कितपत खरा? त्यांच्या उद्धटपणाने त्यांचे ऐकणारे कमी झाले, यात शंका नाही. हबल यांच्या अधिकाराच्या दडपणाने कित्येकांनी घंटेचा आलेख प्रश्न न विचारता वापरला, हेही खरे. पण निरीक्षणे बदलल्याच्या आरोपाला आधार नाही. १९४२ साली हा वाद सोडवील अशी काच कोणाच्याच हाती नव्हती, झ्विकींच्याही नव्हती. त्यांच्याजवळ एक पटण्याजोगा संशय आणि मूठभर बटू दीर्घिका होत्या.

त्यांचे दोन वेगळे वाटणारे विषय मृत्यूनंतर एकत्र आले. १९८३ मध्ये मार्क अ‍ॅरनसन यांनी कालेय तारकासमूहातील एका बटू दीर्घिकेतल्या अवघ्या तीन ताऱ्यांचे वेग मोजले. एवढ्या थोड्या ताऱ्यांच्या दीर्घिकेत ते वेग नको इतके जास्त होते. अरुंधती केशातल्या दीर्घिकांची जी कथा, तीच या चिमुकल्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांची. पुढील मोजमापांनी हे पक्के केले. आज बटू दीर्घिका या कृष्णद्रव्याने सर्वाधिक भरलेल्या वस्तूंत गणल्या जातात. त्यांच्या ताऱ्यांचा प्रकाश तुटपुंजा खरा, पण वजन करायला गेले तर वामनाच्या पावलाची आठवण व्हावी. कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे हे तपासण्यासाठी आज ज्या वस्तूंकडे दुर्बिणी वळतात त्यांत या बटू आघाडीवर आहेत. संगणकातील प्रतिकृतींनी आपल्या आकाशगंगेभोवती जितके उपग्रह सुचवले, त्यांहून प्रत्यक्षात दिसणाऱ्या बटू फार कमी का, या प्रश्नाने १९९९ पासून अभ्यासकांना बराच काळ छळले.

पालोमारवरील अठ्ठेचाळीस इंची श्मिट दुर्बिणीवर २०१८ पासून सुरू झालेल्या आकाश-सर्वेक्षणाला झ्विकींचे नाव देण्यात आले. त्याआधी, २०१५ मध्ये, अरुंधती केशाची बातमी पुन्हा आली. कॅमेऱ्याची नेहमीची टेलिफोटो भिंगे जुळवून केलेल्या ड्रॅगनफ्लाय नावाच्या दुर्बिणीने त्या पुंजक्यात ४७ अतिविरळ दीर्घिका टिपल्या. आकार आपल्या आकाशगंगेएवढा, पण तेज बटूंचे. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने जपानच्या सुबारू दुर्बिणीने पूर्वीच घेऊन ठेवलेली छायाचित्रे संग्रहातून काढून पुन्हा तपासली. त्यांत अशा ८५४ दीर्घिका निघाल्या.